हैतीच्या क्रिओलचा ऑनलाइन क्लास: ऐरोलीतून चार महिने केला, सांगते कसा आहे

लेक न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनला फ्लॅटबुशमध्ये राहते. तिच्या पहिल्या बाळंतपणाला गेलेले तेव्हा सहा महिने होते तिकडे, अर्धीअधिक बिल्डिंग हैतीची, लिफ्टमध्ये, लॉन्ड्रीत, औषधाच्या दुकानात क्रिओलच, म्हणजे हैतीच्या लोकांची भाषाच, कानावर पडायची. शेजारच्या आजींनी १ जानेवारीला भोपळ्याचं सूप आणून दिलं, सूप जूमू म्हणतात, १८०४ ला याच दिवशी हैती स्वतंत्र झाला म्हणून घरोघरी करतात. मी नुसतं थँक्यू म्हणून भांडं घेतलं, पुढे बोलायला शब्दच नाही, फार लागलं मनाला. आता परत जायचंय म्हणून क्लास लावला.

बाई मूळ हैतीच्या. आपले सकाळचे साडेसहा म्हणजे त्यांचे रात्रीचे नऊ, तरी मन लावून शिकवतात. आठवड्यातून दोनदा, महिन्याचे अडीच हजार. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ही मोडकी फ्रेंच नाही, शब्द बरेचसे तिकडून आलेत पण व्याकरण आमचं, आणि १९८७ च्या घटनेपासून फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा आहे. मी आगरी घरातली, "अशुद्ध बोलतेस" ऐकतच शाळा काढली, त्यामुळे ते वाक्य आत जाऊन बसलं. आणि आपल्या कोर्लईत रेवदंड्याजवळ ख्रिस्ती लोक अशीच पोर्तुगीजमधून तयार झालेली क्रिओल बोलतात, हे अलिबागला मामाकडे इतक्यांदा जाऊनही मला माहीत नव्हतं, क्लासमुळे शोधायला लागले तेव्हा कळलं!

शिकायला सोपी वाटली मला. मांजे म्हणजे खाणं, माप मांजे म्हणजे मी खातेय, म प्राल मांजे म्हणजे मी खाणारे, आणि तो असो की त्या असोत, मांजे तसंच राहतं. घराला म्हणतात "काय", माझं घर म्हणजे "काय म्वें", माझं हे नंतर येतं. लिहायचंही जसं बोलतो तसंच.

खटकलं ते एवढंच की नोट्समध्ये सारखी फ्रेंचशी तुलना, फ्रेंच न येणाऱ्याने काय करायचं, आणि रेकॉर्डिंग देत नाहीत, एकदा आमच्याकडे लाईट गेली तर तो अख्खा धडा बुडाला.

मागच्या रविवारी लेकीच्या व्हिडिओ कॉलवर आजी दिसल्या, मी म्हटलं "साक पासे?", म्हणजे काय चाललंय, त्या एकदम "नाप बूले!", म्हणजे शब्दशः आम्ही जळतोय, पण अर्थ मजेत आहोत. मग फोन स्वतःच्याच हातात घेतला आणि दहा मिनिटं बोलत होत्या, मला निम्मंच कळलं, पण सूप आणि बाळ हे दोन शब्द नक्की होते त्यात.