कातळशिल्पांच्या नोंदींसाठी आर्चेस घ्यावं की क्यूजीआयएस?

कोकणातला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, चिरेखाणीत कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे कातळशिल्पं नोंदवणाऱ्यांना घाई असते आणि घाईत गूगलच्या नकाशावर खुणा करून काम भागवलं जातं. यादीपुरतं ते चालतं. पण एखाद्या शिल्पाची आज अवस्था काय, पाहणी कुणी केली, जमीन कुणाची, हे वर्षानुवर्षं सांभाळायचं असेल तर खरी निवड आर्चेस (वारसास्थळांच्या नोंदी ठेवणारी वेबप्रणाली) आणि क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) यांच्यातच आहे.

आर्चेस गेटी संवर्धन संस्था आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी मिळून घडवलं. त्याची सुरुवात जॉर्डनच्या पुरातत्त्व खात्यासाठी केलेल्या ‘मेगा-जॉर्डन’ या नोंदप्रणालीतून झाली. आज लॉस एंजेलिस शहराची वारसा-नोंदही त्यावर चालते. ते मुक्तस्रोत आहे, परवान्याला पैसे पडत नाहीत.

त्याचं बळ कळतं ते राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती नोंदवताना. त्या प्रचंड आकृतीच्या आत इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. मग ‘स्थळ’ कशाला म्हणायचं? सड्याला, हत्तीला, की आतल्या एकेका प्राण्याला? आर्चेसमध्ये तिघांच्याही स्वतंत्र नोंदी करून त्या एकमेकींशी जोडता येतात आणि प्रत्येक पाहणी तारखेनिशी वेगळी राहते. कोणती माहिती कुणाला दिसावी हेही बारकाईने ठरवता येतं, म्हणजे वर्णन सर्वांसाठी खुलं ठेवून नेमकं ठिकाण झाकता येतं. उघड्या सड्यावर राखणदार नसतो. तिथे ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

पण आर्चेस बसवणं सोपं नाही. स्वतःचा सर्व्हर हवा, पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि इलॅस्टिकसर्च (शोधयंत्रणा) सांभाळावं लागतं, पायथन ही संगणकभाषा जाणणारा माणूस कायम हाताशी लागतो. तो सोडून गेला की सुरक्षेचे अपडेट थांबतात. विद्यापीठाला किंवा सरकारी खात्याला हे झेपेल, चार-पाच अभ्यासकांच्या गटाला अवघड जाईल.

अशा गटाने क्यूजीआयएस घ्यावं. मोबाइलवर क्यूफील्ड हे त्याचं जोडीचं अ‍ॅप असलं की रेंज नसलेल्या सड्यावरही फोटो आणि आकृतीची बाह्यरेषा नोंदवता येते, घरी येऊन ती संगणकावरच्या नकाशात मिळवता येते. वेबवर दाखवायला लिझमॅप आहे, मात्र त्यालाही सर्व्हर लागतोच. नोंदींमधली नाती पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये आपली आपणच बांधावी लागतात. गुप्ततेसाठी नकाशाचा वेगळा थर करावा, त्यात नेमक्या बिंदूऐवजी फक्त गाव दाखवावं आणि तेवढाच प्रसिद्ध करावा.

आर्कजीआयएस ऑनलाइन ही नकाशांची सशुल्क वेबसेवा तयार आणि सुबक आहे, शिकायलाही सोपं. पण त्याचं शुल्क वापरकर्त्यागणिक दरवर्षी भरावं लागतं. संस्थेकडे परवाना आधीच असेल तर जरूर वापरा. प्रकल्पाच्या निधीतून घेणार असाल तर निधी संपल्यावर काय, हे आधी ठरवा.

माझा स्पष्ट सल्ला असा: पगारी तंत्रज्ञ असेल तर आर्चेस, नसेल तर क्यूजीआयएस. दुसऱ्या वाटेने गेलात तरी आर्चेसचं दार बंद होत नाही, कारण सीएसव्ही फाइलमधून (म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्यातून) नोंदी तिथे नेता येतात. त्यासाठी सडा, शिल्प आणि पाहणी यांचे तीन वेगळे तक्ते आजच करा आणि प्रत्येक शिल्पाला कधीही न बदलणारा क्रमांक द्या. गावाचं नाव क्रमांकात घालू नका. एकच सडा दोन गावांच्या हद्दीत असू शकतो.