कॉमेट अ‍ॅसे किट: सिंगल-स्ट्रँड ब्रेकसाठी घ्या, डबलसाठी नको

किरणोत्सर्गानं तुटलेला डीएनए पेशी कशा सांधतात, हे एमएस्सीच्या मुलांना एका दिवसात डोळ्यांनी दाखवायचं असेल, तर सांगली-मिरजेच्या कॉलेजांना अल्कली कॉमेट अ‍ॅसेचं किट परवडतं. यात जेलमध्ये बसवलेल्या पेशींना वीज लावली की तुटका डीएनए धूमकेतूसारखी शेपटी काढतो. रसायनं चांगली आहेत. खटकते ती माहितीपुस्तिका.

१ ग्रे (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) मात्रेला मानवी पेशीत साधारण १००० सिंगल-स्ट्रँड ब्रेक (डीएनएचा एकच धागा तुटणं) होतात आणि डबल-स्ट्रँड ब्रेक (दोन्ही धागे तुटणं) ३५-४०. म्हणजे या किटच्या स्लाइडवर जी शेपटी दिसते ती जवळजवळ सगळी सिंगलचीच. तरी पुस्तिका ‘डबल-स्ट्रँड दुरुस्ती मोजा’ म्हणते, वर रॅड५१ या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाचं रंगीत चित्र छापते. रॅड५१ ची दुरुस्ती सिस्टर क्रोमॅटिड (डीएनएची जुळी प्रत) समोर असेल तरच चालते, म्हणजे पेशीचक्राच्या एस (प्रत बनण्याच्या) आणि जी२ (विभाजनाआधीच्या) टप्प्यांत. किटसाठी घ्यायचे ते रक्तातले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तर जी० मध्ये, म्हणजे विभाजन थांबवून, स्वस्थ असतात. तिथे तुटलेली टोकं कू७०-कू८० ही प्रथिनं पकडतात, डीएनए-पीकेसीएस येतं, गरज पडली तर आर्टेमिस टोक छाटतं आणि लायगेज-४ एक्सआरसीसी४ सोबत सांधा मारतं. हे बघायचं असेल तर गॅमा-एच२एएक्सची (डबल-स्ट्रँड ब्रेकच्या जागी उमटणारी प्रथिनाची खूण) अँटिबॉडी आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप लागेल. या किटकडून ती अपेक्षा ठेवू नये.

सिंगल-स्ट्रँडची दुरुस्ती मात्र सुरेख दिसते. रेडिएशननं तुटलेलं टोक बहुधा खराब असतं, ३-प्राइम बाजूला (धाग्याच्या दोन टोकांपैकी एकाला) फॉस्फेट चिकटलेलं. ते पीएनकेपी हे एन्झाइम साफ करतं, मगच लायगेज-३ जोडतं. पार्प१ आणि एक्सआरसीसी१ ही सगळी मंडळी गोळा करतात.

मिरजेच्या एखाद्या रेडिओथेरपी विभागाशी आधी बोलून, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, रक्ताला बर्फावरच २ ग्रे द्यावेत आणि बर्फावरच परत आणावं. वाटेत नमुना कोमट झाला की दुरुस्ती सुरू होते आणि शून्य मिनिटाची स्लाइड खोटी ठरते. मग ३७ अंशांवर ०, १५, ३० आणि ६० मिनिटं. तासाभरात शेपटी बहुतेक आटोपलेली दिसायला हवी. रेडिएशन न दिलेली स्लाइड प्रत्येक वेळी हवीच. तिच्या शेपटीत १० टक्क्यांहून जास्त डीएनए दिसला तर तो प्रयोग बाद धरावा.

लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणारं द्रावण: २.५ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ईडीटीए, पीएच १०) ट्रायटन १ टक्का ऐनवेळी घालावं. रक्त असेल तर डीएमएसओ १० टक्के हवंच, नाहीतर हिमोग्लोबिनमधलं लोह स्वतःच डीएनए तोडतं. ते किटमध्ये नाही, वेगळं मागवा.

एप्रिल-मेमध्ये खरी अडचण जेलची. लो-मेल्टिंग अ‍ॅगरोज साधारण २६-३० अंशांखाली गोठतं आणि सांगलीच्या दुपारी प्रयोगशाळा त्याहून तापलेली असते. ‘खोलीच्या तापमानाला ५ मिनिटं’ ही पुस्तिकेतली सूचना इथे लागू नाही. बर्फावर स्टीलचा ट्रे ठेवून त्यावर १० मिनिटं स्लाइड ठेवाव्यात. घाई केली की अल्कलीत जेल सुटून तरंगतं. स्लाइडवर १ टक्का साध्या अ‍ॅगरोजचा थर आदल्या दिवशी देऊन पूर्ण वाळवला तर हा त्रास बराच कमी होतो.

अल्कली बफर (३०० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, १ मिलिमोलर ईडीटीए) त्याच दिवशी करावा, पीएच १३ च्या वर. २० मिनिटं डीएनए उलगडायला, मग ४ अंशांवर २५ व्होल्ट, २० मिनिटं. करंट ३०० मिलिअँपिअरच्या आसपास यावा म्हणून व्होल्टेज नाही, बफरची उंची कमीजास्त करतात. हे पुस्तिकेत कुठेच नाही. मध्येच वीज गेली तर स्लाइड अल्कलीत जास्त वेळ राहतात आणि तो संच इतर संचांशी ताडून पाहता येत नाही, म्हणून पॉवर पॅक इन्व्हर्टरवरच लावावा.

हिरवा डाय उत्तम, इथिडियम ब्रोमाइडची धास्ती नाही. मोजणीला ओपनकॉमेट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रत्येक जेलवर किमान ५० पेशी मोजाव्यात, कडेच्या आणि बुडबुड्यांजवळच्या सोडून, आणि सरासरीऐवजी मध्यक घ्यावा.