‘रन’च्या कसोटीवर ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी

इंग्रजी कोश पारखायचा तर त्यात अवघड शब्द शोधू नयेत. तिथे सगळेच कोश पास होतात, कारण अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. परीक्षा घ्यावी ती ‘रन’सारख्या साध्या दिसणाऱ्या क्रियापदावर. थोरल्या ऑक्सफर्ड कोशात (‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’) या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदलेले आहेत. शिकणाऱ्याला त्यातले वीस-पंचवीस नीट उमगले तरी पुष्कळ. नेटवर फुकट मिळणारी ‘ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी’ तेवढं काम चोख करते. इंग्रजीचे शिक्षक हॉर्नबी यांचा शिकणाऱ्यांसाठीचा जो कोश ऑक्सफर्डने १९४८ साली छापला, त्याच परंपरेतली ही.

पानाच्या सुरुवातीलाच रूपं आणि ब्रिटिश-अमेरिकन उच्चार मिळतात. भूतकाळी ‘रॅन’, पण ‘हॅव’नंतर पुन्हा ‘रन’. ‘हॅज रॅन’ ही सर्रास होणारी चूक इथेच थांबते.

खरी मजा पुढे. प्रत्येक अर्थगटावर छोटी पाटी आहे: पायी धावणं, कारभार, वाहन-यंत्र, द्रव, रंग, निवडणूक, वर्तमानपत्र. सगळं पान वाचायचं नाही. आपल्या वाक्यातला कर्ता किंवा कर्म कोणत्या पाटीखाली बसतं ते पाहायचं. मराठीत प्रत्येक ठिकाणी क्रियापद बदलतं. नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो, निवडणूक लढवतात, बातमी छापतात, टबात पाणी सोडतात, चाचणी घेतात. इंग्रजीत सगळीकडे ‘रन’. ‘धावणे, पळणे, चालवणे, वाहणे’ अशी स्वल्पविरामांची माळ देणारे इंग्रजी-मराठी कोश नेमके इथे फसवतात: वाचणारा पहिला शब्द उचलतो आणि कंपनीला धावायला लावतो.

दुसरी जमेची बाजू म्हणजे सकर्मक-अकर्मकाची खूण. यंत्र चालतं आणि यंत्र चालवतो, यासाठी मराठीला दोन रूपं लागतात. इंग्रजी एकाच ‘रन’वर भागवते. ही खूण न बघता भाषांतर केलं की कर्ता-कर्माची अदलाबदल ठरलेली. ‘रन ड्राय’ (आटणे) आणि ‘रन लो’ (कमी पडत जाणे) यांना वेगळी खूण आहे: इथे पुढे विशेषण येतं, त्यामुळे ‘ड्रायली’ लिहिण्याचा मोह आवरावा.

‘रन’ला शेपूट लागून होणारी क्रियापदं पानाच्या तळाशी, वर्णानुक्रमे. वापराच्या क्रमाने असती तर बरं झालं असतं. रोज लागणारं ‘रन आउट’ गाठायला बरंच खाली उतरावं लागतं. ब्राउझरमधला शोध वापरा. पोचल्यावर मात्र बारकावा मिळतो. वेळ ‘रन आउट’ होतो, पण माणूस वेळ‘च्या बाहेर’ जातो, म्हणजे ‘रन आउट ऑफ टाइम’. कर्ता बदलला की ‘ऑफ’ हवाच. क्रिकेटमधलं धावबादही तिथेच सापडतं. सर्वनामाची जागाही तपासा: बिल वाढवून ठेवलं तर ‘रन इट अप’, मधोमध, पण कोणी अवचित भेटलं तर ‘रन इनटू हिम’, तिथे फोड चालत नाही.

गोतातल्या शब्दांसाठी पान बदलावं लागतं, आणि हा कोशाचा कच्चा दुवा. नाम ‘रन’ वेगळ्या पानावर, ‘रनी’ (पातळ, वाहता) तिसरीकडे. सगळं कुटुंब एकत्र दिसत नाही. ‘रन-डाउन’ हे विशेषण: मोडकळीला आलेली इमारत किंवा थकून गेलेला माणूस. ‘रनडाउन’ हे नाम: थोडक्यात दिलेली माहिती. विशेषणात जोर ‘डाउन’वर, नामात ‘रन’वर, ऐकायचं बटण दोन्ही पानांवर दाबून बघा.

अर्थ इंग्रजीतच दिलेले आहेत, त्यामुळे अगदी नवशिक्याला हा कोश जड जाईल. त्याने अर्थांपुढच्या ए१, ए२ या सुरुवातीच्या पातळ्यांपुरतंच वाचावं आणि बाकीचे अर्थ वाक्यात गाठ पडेल तेव्हा बघावेत.