तयार फिनिशचं कपाट: पांढरा गम की पीयू?

बडोद्याला रावपुऱ्यात राहणाऱ्या मावशींनी लॅमिनेट लावलेल्या तयार फळ्या आणल्यात. त्या जोडायला सुतार म्हणतो पांढरा गम, दुकानदार म्हणतो पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा गम.

आधी जोड कुठे आहे ते बघा. पांढरा गम, म्हणजे पीव्हीए, लाकडात मुरून धरतो. जोडाच्या लाकडी खुंटीच्या भोकात, बोर्डाच्या कोऱ्या कडेला तो उत्तम. गुळगुळीत लॅमिनेटवर मात्र त्याला मुरायला जागाच नसते. वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. तिथे पृष्ठभाग पॉलिश पेपरने थोडा घासून पीयू लावावा.

पण तयार फिनिशवर मला साफसफाई सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बाहेर आलेला पांढरा गम ओल्या फडक्याने निघतो. पीयू वाळताना ओलावा घेऊन फेसासारखा फुगतो, वाळला की खरवडावा लागतो आणि ओरखडे उठतात. बोटांवरूनही लवकर जात नाही, हातमोजे घालाच. महागही पडतो. क्लॅम्प, म्हणजे जोड दाबून धरायचा शिकंजा, दोन्हींना लागतो. वजन ठेवण्याआधी २४ तास थांबा.

बैठकीतल्या, खुंट्यांवर जोडायच्या शेल्फाला पांढराच घ्या. सिंकखालच्या कपाटाला, लॅमिनेटवर लॅमिनेट बसवायला पीयू. भाड्याचं घर असेल, कपाट पुन्हा सुटं करावं लागणार असेल, तर गम नकोच, नुसते स्क्रू.