कॉलेजचा दिव्यांग कक्ष: रायटरसाठी 5 स्टार, तिसऱ्या मजल्यासाठी एक पण नाही

बारावी होऊन यंदा ॲडमिशन घेणारी जी मुलंमुली आहेत आणि ज्यांच्याकडे दिव्यांग सर्टिफिकेट आहे त्यांच्यासाठी लिहितेय, त्यांच्या आईवडिलांनी पण वाचा, कारण कॉलेजात दिव्यांग मुलांच्या मदतीसाठी वेगळा कक्ष असतो हे माझ्या वेळेस मला कोणीच सांगितलं नाही आणि पहिलं सेमिस्टर त्यात गेलं. कॉलेजचं नाव टाकत नाही, जळगाव जिल्ह्यातलंच आहे.

मी टीवायबीए, पॉलिटिकल सायन्स. डोळ्यांना आरपी आहे, म्हणजे आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं जायला लागलं, आता समोरचं नळीतून बघितल्यासारखं तेवढं दिसतं. एरंडोलकडच्या गावाहून रोज एसटीने येते, सवलतीत पाव तिकीट लागतं, नाहीतर रोजचं येणं परवडलंच नसतं.

एफवायला पेपरच्या दोन दिवस आधी मला सांगितलं की रायटर, म्हणजे आपण सांगू ते पेपरात लिहून देणारा, तुमचा तुम्ही आणायचा. कापूस वेचणीचे दिवस, गावातून कोण येणार? शेवटी काकांची मुलगी कॉलेज बुडवून आली, तर गेटवर म्हणे तिच्या फोटोवर सही-शिक्का नाही. पेपर सुरू होऊन अर्धा तास आम्ही दोघी बाहेरच. आणि जास्तीचा वेळ मिळाला तो सगळा मिळून वीस मिनिटं. नियम तासाला किमान 20 मिनिटांचा आहे, दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटं झाली, पण तेव्हा मला पण माहीत नव्हतं आणि सुपरवायझरांना पण नाही. घरी आले तर जेवणच गेलं नाही. आई नुसती म्हणत होती, "नको रडू व माय, व्हई जाई."

दुसऱ्या सेमिस्टरला लायब्ररीतल्या ताईंनी हाताला धरून त्या कक्षात नेलं. बाहेर 'समान संधी कक्ष' असा बोर्ड आहे म्हणे, पण मला बोर्ड दिसत नाही आणि ॲडमिशनच्या खिडकीवर तोंडी कोणी सांगत नाही, हे सगळ्यात आधी सुधारलं पाहिजे. आत मॅडम आहेत त्यांच्याबद्दल मात्र काय सांगू. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, केंद्र सरकारच्या ऑगस्ट 2018 च्या गाईडलाईनची प्रिंट काढली, वीस मिनिटांचा मुद्दा पेनाने अधोरेखित केला आणि एक्झाम डिपार्टमेंटला पत्र जोडून मला सोबत घेऊन गेल्या. त्याच गाईडलाईनमध्ये हे पण आहे की कॉलेजकडून रायटर घेतला तर दोन दिवस आधी त्याला भेटता येतं, जमेल की नाही ते बघता येतं. रायटर स्वतःचा आणला तर त्या 2018 च्या नियमाने तो आपल्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला लागायचा. मॅडमकडे एनएसएसच्या मुलामुलींची यादीच आहे, कोणाचं अक्षर चांगलं, कोणाला मराठी भरभर लिहिता येतं, सगळं त्यात.

मला जी मुलगी मिळाली ती सायन्सची. भेटीच्या दिवशी आम्ही कक्षातच बसून जुन्या पेपरातला एक प्रश्न सोडवून पाहिला. 'सत्ताविभाजन' तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं, माँटेस्क्यू तर अक्षर अक्षर सांगावं लागलं, ती "मा वर चंद्रबिंदू ना ताई?" विचारून लिहायची. मग आमचं ठरलं, मी टेबलावर एक टिचकी मारली की पूर्णविराम, दोन मारल्या की नवा पॅरा. पेपरच्या दिवशी ती मध्येच हळूच म्हणाली, "ताई, तुमचा चौथा मुद्दा राहिला, तुम्ही पाच म्हणाल्या होत्या." उत्तर तिने सांगितलं नाही, फक्त माझंच बोलणं मला आठवण करून दिलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी पूर्ण पेपर लिहून बाहेर आले.

पुस्तकांचं ठीक आहे. कक्षात एक कॉम्प्युटर आहे त्यात एनव्हीडीए आहे, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, तो फुकटचाच आहे, घरच्या लॅपटॉपवर पण टाकता येतो, मराठी वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे पण आठवड्यात कानाला सवय होते. अडचण स्कॅनिंगची. पुस्तक तिरकं ठेवून दोन पानं एकत्र स्कॅन केली की आलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, स्क्रीन रीडरला त्यात काहीच सापडत नाही, गप्प बसतो. मी तीनदा परत पाठवली तेव्हा नीट आली. सुगम्य पुस्तकालय म्हणजे छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीची ऑनलाईन लायब्ररी, तिचं मेंबर व्हायला मॅडमनीच फॉर्म भरून दिला, तिथे आपल्या सिलॅबसचं मराठी थोडंच सापडलं, पण सापडलं ते ऐकता येतं.

आता नाराजी. परीक्षेची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा व्हीलचेअरवर आहे, एप्रिलमध्ये 44 डिग्रीत चार मित्र त्याला खुर्चीसकट उचलून वर नेतात, आणि तो दुपारपर्यंत पाणी पीत नाही कारण त्याला जाता येईल असं टॉयलेट कुठल्याच मजल्यावर नाही. रॅम्प फक्त मेन गेटला आहे, फोटोत येतो तेवढा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजात किमान 5% जागा राखीव ठेवल्या, पण त्याला पाणी न पिता बसावं लागत असेल तर त्या सीटवर तो शिकणार कसा? कक्षाने दोनदा लेखी दिलंय, परीक्षेची खोली खाली आणायला पैसे पण लागत नाहीत, तरी झालेलं नाही. म्हणून पूर्ण पाच देत नाही, साडेतीन देते.

अजून एक, ज्यांचं सर्टिफिकेट 40% च्या खाली आहे त्यांनी घरी बसू नका. लिहिताना हात आखडतो अशा एका उमेदवाराच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2021 ला रायटर द्यायला सांगितलं, आणि 2022 ला केंद्राने 40% च्या आतल्यांसाठी पण वेगळ्या गाईडलाईन काढल्या. लिहिता येत नाही असं सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं, सिव्हिलला चकरा होतात, त्यामुळे ते आधी करून ठेवा.

कक्षात जुलैमध्येच जा, परीक्षेच्या तोंडावर नको. युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, तीन झेरॉक्स, दोन फोटो आणि हॉल तिकिटावर असतं तसंच नाव लिहिलेला अर्ज न्या. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्या, माझी अजून पिशवीत असते.