संदर्भांसह मराठी पवित्र शास्त्र: तरुण संघासाठी घेतलं, त्याचा अनुभव

आमच्या मंडळीच्या तरुण संघात बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र वाचायला घेतलं आणि दुसऱ्या अध्यायात गाडी अडली. २:२४ ला (अध्याय २, वचन २४) याकोब म्हणतो, माणूस क्रियांनी नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो, नुसत्या विश्वासाने नाही. रोमकरांस पत्रात ३:२८ ला प्रेषित पौल म्हणतो, नियमशास्त्राच्या (मोशेच्या नियमांच्या) कर्मांवाचून, विश्वासाने ठरतो. उद्यमनगरात कारखान्यात सीएनसी यंत्रावर असलेला एक पोरगा सरळ म्हणाला, "दादा, दोन्हींतलं एक ड्रॉइंग चुकलंय की." त्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून ही आवृत्ती घेतली.

टाईप मोठा आहे आणि वचनांशेजारी संबंधित वचनांचे आकडे आहेत. खरी किंमत त्या आकड्यांची. रोम ४:३ आणि याकोब २:२३, दोन्हींजवळ उत्पत्ती १५:६. म्हणजे दोघंही अब्राहामाचाच दाखला देतात. पुढे वाटा फुटतात. पौल दाखवतो की हा विश्वास सुंतेच्या आधीचा; सुंता येते उत्पत्तीच्या १७ व्या अध्यायात. याकोब थेट २२ व्या अध्यायात जातो, जिथं अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर अर्पण करायला निघतो. पौलापुढे सुंतेशिवाय तारण नाही म्हणणारे होते, याकोबापुढे उघड्या, उपाशी भावाला "ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारे. हे कळल्यावर पोरांचे चेहरे खुलले.

माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानात गेला. १२:३७ ला येशू म्हणतो, तुझ्या शब्दांवरून तू निर्दोष किंवा दोषी ठरशील. मग ७:२१ ला 'प्रभू, प्रभू' म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही, हे कसं? १२:३३ जवळचा आकडा ७:१७ वर नेतो. दोन्ही ठिकाणी आधी झाड आणि त्याचं फळ आहे! बोलणंही फळच, करणंही फळच. प्रश्न झाडाचा आहे. इतकी वर्षं वाचतोय, ही जोडणी मला या आवृत्तीनं दाखवली.

एक गोष्ट खटकली, आणि ती लहान नाही. याकोब २:२४ जवळ रोम ३:२८ चा आकडाच नाही. जिथं वाचक अडतो तिथंच मौन? धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं आपल्या नव्या कराराच्या भाषांतराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत याकोबाच्या या पत्राला गवताचं, म्हणजे कमी मोलाचं, पत्र म्हटलं, तरी बायबलातून काढलं नाही, शेवटी का होईना ठेवलं. अडचण झाकण्यापेक्षा ते बरं. मी तो आकडा पेन्सिलनं लिहून घेतलाय. पेन वापरू नका, कागद पातळ आहे, शाई पलीकडे उमटते.

इफिस २:८-९ (तारण विश्वासाने, कर्मांनी नाही) पाठ असणाऱ्यांनी १० वं वचनही (सत्कृत्यांसाठी निर्माण झालो) वाचावं म्हणून मी पोरांना अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेबांचं सांगितलं. १८५२ ला ते कोल्हापुरात आले, वचन सांगितलं आणि शाळाही काढल्या.

नकाशे साधारण, बांधणी मजबूत. एकट्यानं वाचणाऱ्यानं जरूर घ्यावं, आणि गलती ५:६ (प्रीतीतून काम करणारा विश्वास) पासून आकडे धरून मागं जावं.