मोनेच्या 'मॅगपाय'चं मॅट प्रिंट, सावल्या खरंच निळ्या दिसतात!

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'द मॅगपाय' हे चित्र मी आधी ग्लॉसी पेपरवर घेतलं होतं आणि पार निराशा झाली होती, बर्फ म्हणजे नुसता पांढरा पट्टा, सावल्या करड्या आणि वरून खिडकीचं रिफ्लेक्शन. आता जाड मॅट कॉटन पेपरवरचं मागवलं, महिनाभर भिंतीवर आहे, आणि खरं सांगते, हे चित्र मला आत्ता कुठे दिसायला लागलंय.

१८६८-६९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या एत्रताजवळ काढलेलं हे चित्र. बर्फाने लदलेलं कुंपण, डावीकडे लाकडी फाटक, त्यावर एकटाच बसलेला काळा-पांढरा पक्षी, म्हणजेच मॅगपाय. बस एवढंच. १८६९ च्या सलाँने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, हे चक्क नाकारलं होतं, आज ते पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे.

सगळी मजा कुंपणाच्या सावलीत आहे. सूर्य कुठेच दिसत नाही पण ऊन मागून येतंय म्हणून सावली आपल्याकडे सरकत आलीय, आणि ती काळी नाही, निळी-जांभळी आहे! कारण साधं आहे, सावलीतल्या बर्फावर थेट ऊन पडत नाही, आकाशाचाच उजेड पडतो, मग ती निळीच दिसणार ना. त्या निळ्याला लागून उन्हातला बर्फ बघा, पांढरा कुठे, फिकट पिवळसर आणि किंचित गुलाबी, आणि हे दोन रंग शेजारी आले की ऊन अंगावर आल्यासारखं वाटतं. ग्लॉसी प्रिंटमध्ये नेमका हाच पिवळसरपणा उडाला होता, म्हणून सगळं थंड आणि मेलेलं वाटायचं. यात तो जपलाय. फाटकाच्या आडव्या दांड्यांवरचा बर्फाचा जाड थर तर इतका छान उतरलाय की हात लावून बघावासा वाटतो.

साइजचं मात्र बघून घ्या, मूळ चित्र ८९ बाय १३० सेंटिमीटर आहे, मी ४० बाय ५८ घेतलं म्हणजे कडा कापल्या जात नाहीत, याहून लहान घेतलंत तर पक्षी नुसता ठिपका होईल. लावताना बाजूने दिवसाचा उजेड येईल अशी भिंत निवडा, पिवळ्या बल्बखाली सावल्यांचा निळा रंग मरतो, मी दोन दिवसांत जागा बदलली.

मागच्या झाडांच्या बारीक फांद्या थोड्या एकमेकांत मिसळल्यात, तेवढ्यासाठी पाचपैकी साडेचार.